पंधरा दिवसांचा हक्क

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर यांच्याबरोबर रॉकेलचाही प्रश्न त्यांनी सरकारच्या दारात नेला. चूल पेटवणे आणि दिवा लावणे ही प्रत्येकाची खाजगी विवंचना नसून सार्वजनिक धोरणाचा विषय आहे, हे महाराष्ट्राला त्या स्त्रियांनी शिकवले. रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली बाई सर्वांना दिसत होती. रांग लांबली की वर्तमानपत्रात छायाचित्र येई, विधानसभेत प्रश्न विचारला जाई आणि वस्तीतल्या कार्यकर्त्याला कामाला लागावे लागे. टंचाई चारचौघांत भोगली जात होती, म्हणूनच तिच्याविरुद्ध चारचौघांना उभे करता येत होते.

घरगुती विजेच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत जी व्यवस्था आणण्याचा खटाटोप चालला आहे, तिच्यात रांगच नाही. तिचे नाव प्रीपेड मीटर. पैसे आधी भरायचे, मग वीज वापरायची आणि शिल्लक संपली की पुरवठा आपोआप बंद. नोटीस नाही, शिडी घेऊन आलेला वायरमन नाही, शेजाऱ्यांदेखत झालेली बाचाबाची नाही. प्रत्येक घरात निरनिराळ्या वेळी, निमूटपणे अंधार होणार आणि त्या अंधारात बसलेल्या माणसाला चूक आपलीच आहे असे वाटणार. या व्यवस्थेला सरकारी परिपत्रकांत ग्राहकाचे सक्षमीकरण म्हटले जाते. वस्तुतः सामान्य वीज ग्राहकाच्या हाती असलेला सर्वांत मोलाचा हक्क ती काढून घेते. तो हक्क कोणता, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

कायद्याने दिलेली मुदत

विद्युत कायदा २००३ हा काही समाजवाद्यांनी केलेला कायदा नव्हे. वीज मंडळे मोडून कंपन्या करण्याचा आणि या क्षेत्रात खाजगी भांडवलाला वाट करून देण्याचा मार्ग त्यानेच मोकळा केला. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे २००५ साली झालेले विभाजन हे त्याचेच फळ. तरीही त्या कायद्याचे ५६ वे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. बिल थकले तर पुरवठा तोडण्याचा अधिकार हे कलम कंपनीला देते. परंतु त्यापूर्वी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देण्याचे बंधनही घालते. याच कलमात आणखी एक तरतूद आहे. बिलाबद्दल वाद असेल तर मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती, निषेध नोंदवून भरता येते. आणि तशी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही.

या दोन तरतुदींचे मोल कोऱ्या कागदावर कळत नाही. महिन्याच्या शेवटी ज्याच्या हातात पैसा उरत नाही, ज्याची मजुरी पावसामुळे आठ दिवस बुडते, ज्याच्या घरात अचानक आजारपण उद्भवते, त्याला पंधरा दिवस म्हणजे काय हे विचारावे. तेवढ्या अवधीत उसनवारी करता येते, हप्ता मागता येतो, सेक्शन ऑफिसात जाऊन मीटर चुकीचा पळतो आहे हे सांगता येते, ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज करता येतो, नगरसेवकाला गाठता येते. पंधरा दिवस ही गरिबाची पत आहे. इंग्रजांच्या राज्यातील १९१० च्या वीज कायद्यानेही सात दिवसांची नोटीस आवश्यक मानली होती. परकीय सत्तेने सात दिवस दिले, स्वतंत्र भारताच्या संसदेने पंधरा केले आणि आता एक यंत्र ते शून्यावर आणू पाहत आहे.

यावर प्रीपेडचे समर्थक म्हणतात की येथे थकबाकीच नसते. आधी भरलेले पैसे संपले म्हणजे ग्राहकाने वीज घेणे थांबवले, एवढाच त्याचा अर्थ. मग नोटीस कसली? युक्तिवाद चतुर आहे. त्याच न्यायाने शिधापत्रिकेवरचे धान्य संपलेल्या कुटुंबाने जेवणे थांबवले, असे म्हणता येईल. परिणाम पाहिला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, मुलाचा अभ्यास बुडतो. हा परिणाम घडवण्यापूर्वी नोटीस दिली पाहिजे असे कायदा सांगत असेल, तर तोच परिणाम यंत्राकरवी विनानोटीस घडवणे ही कायद्याला दिलेली बगल होय. निषेध नोंदवून रक्कम भरण्याचा हक्क तर प्रीपेडमध्ये पार नाहीसा होतो. पैसे आधीच कापून घेतलेले असतात. निषेध नोंदवायचा तो अंधारात बसून, आपलेच पैसे परत मागण्यासाठी.

उधार कोण कोणाला देतो?

वीज कंपनी ग्राहकाला महिनाभर उधार माल देते, म्हणून तिला संरक्षण हवे, असा एक समज मध्यमवर्गातही रूढ आहे. तो हिशेबाला टिकत नाही. प्रत्येक घरगुती ग्राहकाची सुरक्षा ठेव कंपनीकडे जमा असते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेने ही ठेव महिन्याच्या सरासरी बिलाच्या दुपटीपर्यंत नेली. समजा, एखाद्या कुटुंबाचे सरासरी बिल ८०० रुपये आहे. तर त्याचे १,६०० रुपये कंपनीच्या तिजोरीत आधीच पडलेले आहेत. महिनाभराची वीज, बिल भरण्याची मुदत आणि नोटिशीचे पंधरा दिवस एवढा सारा काळ बव्हंशी त्या ठेवीनेच झाकला जातो. उधार असलाच तर तो बहुतेक काळ ग्राहकाचा कंपनीला असतो.

गरिबाला या देशात बहुतेक माल चढ्या भावाने आणि वाईट शर्तीवर मिळतो. पावशेर तेल घेणारा डबा घेणाऱ्यापेक्षा दर किलोला अधिक मोजतो. बँक दारात उभी करत नाही म्हणून सावकाराचे व्याज भरतो. महिन्याच्या अखेरीस येणारे वीजबिल हा त्याला असलेला एक दुर्मिळ अपवाद होता. चाळीतला गिरणी कामगार आणि मलबार हिलवरचा गिरणीमालक या दोघांनाही आधी वीज, मग बिल, मग मुदत, हाच क्रम लागू होता. वस्तीतल्या वाण्याच्या खतावणीतही तोच क्रम असतो. आणि उधारी वाढली म्हणून वाणी मध्यरात्री घरात शिरून शिजत्या भाताखालची शेगडी विझवत नाही. प्रीपेड मीटर नेमके तेच करतो.

संसदेने २००३ साली प्रीपेड मीटरचा विचार केलाच नव्हता असे नाही. कायद्याच्या ४७ व्या कलमात त्याचा उल्लेख आहे. ग्राहक प्रीपेड मीटरमधून वीज घेण्यास तयार असेल तर त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येणार नाही, असे ते कलम म्हणते. ‘तयार असेल तर’ या शब्दांतच निवड ग्राहकाची आहे हे स्पष्ट होते. परंतु ३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘ग्राहकांचे हक्क’ या गोंडस नावाने नियम काढले आणि त्यांत लिहिले की जोडणी स्मार्ट प्रीपेमेंट किंवा प्रीपेमेंट मीटरवरच दिली जाईल. अपवाद करावयाचा तर राज्याच्या आयोगाने कारणे नोंदवून तो मंजूर करावा. संसदेने जे ग्राहकाच्या इच्छेवर सोडले, ते मंत्रालयाच्या नियमाने सक्तीचे केले आणि त्या सक्तीला हक्क हे नाव दिले. कर्तव्याला हक्क म्हणण्याची ही चलाखी नवी नाही. शोषणाच्या प्रत्येक युगात तिचा आढळ होतो.

बाजार आणि मक्तेदारी

ग्राहक हा बाजाराचा राजा असतो, असे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात लिहिलेले असते. मंडईत ते काही अंशी खरेही आहे. एका गाड्यावर भाव पटला नाही तर पुढच्या गाड्यावर जाता येते आणि विक्रेत्याला याची जाणीव असते. विजेच्या बाबतीत घरात येणारी तार एकच असते. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली हे तत्त्व मोजक्या शब्दांत मांडले होते: असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे. जेथे निघून जाता येत नाही तेथे आवाजाचा मार्ग अधिक रुंद करावा लागतो. नोटीस, सुनावणी, निषेध, तक्रार मंच, विद्युत लोकपाल, दरवाढीपूर्वीची जाहीर सुनावणी, ही सर्व त्या आवाजाची साधने आहेत. प्रीपेड मीटरने निघून जाण्याचा मार्ग उघडत नाही. आवाजाचा मार्ग मात्र अरुंद होतो.

यावर बाजारवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे: एकाऐवजी अनेक कंपन्या आणा म्हणजे ग्राहक राजा होईल. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकाचा हाच गाभा होता. ते स्थायी समितीकडे गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर रद्दबातल झाले, परंतु ती कल्पना मेलेली नाही. मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून ग्राहकाला पुरवठादार बदलण्याची मुभा मिळाली. त्यानंतर आयोगापुढे वर्षानुवर्षे जो वाद चालला तो हाच, की जास्त वीज वापरणारे ग्राहक निवडून घेतले जातात आणि कमी वापरणाऱ्यांचा भार कोणी वाहायचा हा प्रश्न मागे उरतो. तारेवरची स्पर्धा ही प्रायः मोठ्या ग्राहकासाठी असते. धारावीतल्या खोलीसाठी कोणत्या कंपनीने दुसरीशी झुंज घेतली आहे?

ब्रिटनचा धडा

वीज सुधारणांचे पुरस्कर्ते ज्या देशाचा दाखला वारंवार देत आले, त्या ब्रिटनकडेच या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल. तेथे १९८६ साली गॅस आणि १९९० साली वीज वितरण खाजगी झाले; १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक घराला आपला पुरवठादार निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले. पुस्तकातला राजा तेथे सिंहासनावर बसला. मग काय झाले? दर आवरेनात म्हणून २०१९ च्या जानेवारीपासून सरकारला कमाल दराची मर्यादा घालावी लागली. २०२१ आणि २०२२ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले तेव्हा सुमारे तीस पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे वळवण्याचा खर्च सर्वांच्या बिलात घालण्यात आला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तो दर कुटुंबामागे सुमारे ९४ पौंड काढला. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक, हे सूत्र तेथेही खरे ठरले.

त्याहून गंभीर गोष्ट प्रीपेड मीटरची. सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात सुमारे ३२ लाख लोकांच्या प्रीपेड मीटरमधील शिल्लक संपली. दर दहा सेकंदांना एक माणूस. याला तेथे ‘सेल्फ डिस्कनेक्शन’ म्हणतात. म्हणजे ग्राहकाने स्वतःच स्वतःची जोडणी तोडली! उपाशी माणसाने स्वखुशीने उपास धरला म्हणण्यासारखाच हा शब्द आहे. २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांनी उघडकीस आणले की न्यायालयाचे वॉरंट घेऊन वसुली एजंट थकबाकीदारांच्या घरात शिरत होते आणि आजारी, अपंग माणसांच्या घरीही सक्तीने प्रीपेड मीटर बसवत होते. ज्यांच्याकडे आधीच स्मार्ट मीटर होते त्यांच्या घरी जाण्याचीही गरज नव्हती. दूरच्या कार्यालयातून एक आज्ञा दिली की साधा मीटर प्रीपेड होई. गदारोळ झाल्यावर ही मोहीम थांबवावी लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून नवे नियम लागू झाले आणि आधाराला कोणी नसलेले पंच्याहत्तरीपुढचे वृद्ध, तसेच दोन वर्षांखालील मूल असलेली कुटुंबे यांच्यावर अशी सक्ती करण्यास मनाई झाली.

याच देशात पूर्वी पाण्याबाबत निराळा न्याय झाला होता, हे विसरता कामा नये. काही पाणी कंपन्यांनी प्रीपेड यंत्रे बसवली तेव्हा स्थानिक संस्था न्यायालयात गेल्या. १९९८ साली तेथील उच्च न्यायालयाने ती यंत्रे बेकायदा ठरवली. कारण शिल्लक संपल्यावर पाणी बंद होणे म्हणजे पुरवठा तोडणेच होय आणि पुरवठा तोडण्यासाठी कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती या यंत्रांनी टाळली होती. पुढच्याच वर्षी संसदेने घरांचे पाणी थकबाकीसाठी तोडण्यासच बंदी केली. ५६ व्या कलमाच्या पंधरा दिवसांसाठी भारतात जो युक्तिवाद करावयाचा, तो असा तयार आहे.

परंतु सर्व भिस्त न्यायालयावर ठेवता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधील रहिवाशांनी पाण्याच्या प्रीपेड मीटरविरुद्ध दिलेला लढा २००८ साली उच्च न्यायालयात जिंकला गेला आणि २००९ साली संविधान न्यायालयात हरला गेला. ज्या देशाच्या संविधानात पाण्याचा हक्क शब्दशः लिहिलेला आहे, तेथे ही गत झाली. कायद्याच्या अर्थामागे लोकमताचा रेटा नसेल तर तो अर्थ केव्हाही बदलू शकतो.

थकबाकी कोणाची, मीटर कोणाला?

महाराष्ट्रात प्रीपेड मीटरचे समर्थन दोन शब्दांवर उभे आहे: थकबाकी आणि गळती. महावितरणची थकबाकी प्रचंड आहे, यात वाद नाही. परंतु तिचा सिंहाचा वाटा कृषिपंपांचा आहे. त्याखेरीज ग्रामपंचायती व नगरपालिकांचे पथदिवे आणि पाणीपुरवठा योजना यांचीही मोठी बाकी आहे. घरगुती ग्राहक हा सामान्यतः मुदतीत बिल भरणारा वर्ग आहे. आता केंद्राची २०२१ ची सुधारित वितरण योजना पाहावी. तिच्यात देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यातून शेतीचे ग्राहक वगळलेले आहेत. म्हणजे थकबाकी एकीकडे आणि मीटर दुसरीकडे. शेतकऱ्याच्या गळ्याभोवती हा फास टाकावा, असा याचा अर्थ नव्हे. शेतीच्या वापराचे आकडे फुगवून गळती आणि चोरी त्याच्या नावावर खपवली जाते, ही तक्रार राज्यातील वीज ग्राहक संघटनांनी वर्षानुवर्षे आयोगापुढे मांडली आहे. प्रश्न एवढाच आहे की रोग पायाला असताना मलम डोक्याला का लावले जाते?

त्याचे उत्तर कंत्राटांत सापडते. महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कामे २०२३ साली वाटून दिली. त्यांपैकी भांडुप, कल्याण, कोकण, बारामती व पुणे या परिमंडळांतील सुमारे १ कोटी १६ लाख मीटर एकट्या अदानी समूहाकडे गेले; त्या कामाची किंमत सुमारे १३,८८८ कोटी रुपये, म्हणजे दर मीटरमागे जवळजवळ १२,००० रुपये. यात केवळ पेटीची किंमत नाही, अनेक वर्षांची देखभाल आणि माहिती गोळा करण्याचा खर्चही आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु केंद्राचे अनुदान महाराष्ट्रासारख्या राज्याला दर मीटरमागे फार तर ९०० रुपये. उरलेली रक्कम कोठून येणार? मीटर मोफत आहे असे सांगणारे अधिकारी हे सांगत नाहीत की कंत्राटदाराचा हप्ता हा कंपनीचा खर्च आहे आणि कंपनीचा मान्य झालेला खर्च शेवटी वीजदरातच उतरतो. गळती कमी होऊन हा पैसा भरून निघेल असे कागदावर दाखवले जाते. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाच्या वेळीही कागदावर सर्व काही भरून निघत होते. १९९३ सालच्या त्या करारातील गणिते २००१ साली वीज मंडळाला पेलेनाशी झाली आणि वीज घेणेच थांबवावे लागले. दीर्घ मुदतीच्या कराराचे ओझे करार करणाऱ्याच्या खांद्यावर कधीच नसते.

यंत्र चुकले तर काय, याचेही उत्तर मिळून चुकले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात चुकीची आज्ञा गेल्यामुळे स्मार्ट मीटर असलेल्या लाखाहून अधिक ग्राहकांची वीज एकाएकी तुटली. त्यांपैकी बिल भरलेल्यांनाही अंधार चुकला नाही. शिडी लावून एकेक जोडणी तोडणाऱ्या वायरमनच्या हातून असा सामूहिक अन्याय घडणे शक्य नव्हते. त्याला डोळे होते. दारात तान्हे मूल दिसले तर तो कधी दोन दिवस थांबतही असे.

माघार की पवित्रा?

लोकांनी हे ओळखले नाही असे नाही. मे २०२४ मध्ये वडोदऱ्यात गृहिणी वीज कचेऱ्यांवर धडकल्या आणि गुजरात सरकारला पाऊल आवरावे लागले. महाराष्ट्रात प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना, कामगार संघटना व डावे पक्ष यांनी गावोगाव विरोधाचे अर्ज भरून घेतले. लोकसभा निवडणुकीचे निकाल लागल्यानंतर, जून २०२४ मध्ये, तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत असे जाहीर केले. हा लोकांचा विजय होता आणि तो विजय म्हणूनच सांगितला पाहिजे.

परंतु कंत्राटे रद्द झाली नाहीत. पुढे तेच स्मार्ट मीटर ‘टीओडी मीटर’ या नव्या नावाने, नंतर बिल देण्याच्या पद्धतीवर, बसवले जाऊ लागले. दिवसाच्या ठराविक वेळी वापरलेल्या विजेवर सवलत मिळेल, असे त्याचे समर्थन केले जाते. सवलत वाईट नाही. मात्र दिवसा घरात राहून धुलाईयंत्र लावणाऱ्याला ती मिळेल. दिवसभर कामावर असलेल्या आणि संध्याकाळी दिवा लावणाऱ्या मजुराला तिचा उपयोग काय, हे कोणी सांगत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्रिटनने शिकवली आहे: स्मार्ट मीटर एकदा भिंतीवर चढला की त्याला प्रीपेड करण्यासाठी घरात कोणी यावे लागत नाही. आज नंतर बिल देणारी पेटी उद्या एका आज्ञेने आधी पैसे मागणारी होऊ शकते. मंत्र्याचे आश्वासन हे मंत्र्याच्या मर्जीइतकेच टिकाऊ असते. जे आश्वासन नियमात लिहिले गेले नाही, ते दिलेच गेले नाही असे समजून चालणे शहाणपणाचे होय.

चळवळीचे अपुरेपण

येथे समाजवादी कार्यकर्त्यांनीही स्वतःकडे वळून पाहावे. ग्राहक हा शब्द चळवळीने बराच काळ मध्यमवर्गाचा मानला. कामगार, शेतकरी, आदिवासी हे लढ्याचे घटक. ग्राहक म्हणजे वजनमापाची तक्रार करणारा पेन्शनर, अशी एक समजूत होती. ती लाटणे मोर्च्यानेच खोटी पाडली होती. कामगाराची मजुरी कारखान्यात ठरते, पण तिचे मोल घरात ठरते. एका हाताने मिळवलेली वाढ दुसऱ्या हाताने वीजबिलात जात असेल तर लढा अर्धाच जिंकला गेला. जानेवारी २०२३ मध्ये समांतर खाजगी परवान्याविरुद्ध वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हा काही तासांतच सरकारला बोलणी करून आश्वासने द्यावी लागली. त्या संपाच्या मागे घराघरांतला वीज ग्राहक संघटितपणे उभा असता तर ती आश्वासने याहून भक्कम झाली असती. मीटर वाचणाऱ्या कंत्राटी कामगाराची भाकर आणि खोलीतल्या विधवेचा दिवा हे दोन्ही एकच यंत्र हिरावून घेत आहे. त्यांचे लढे मात्र दोन दिशांना चालले आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली: ग्राहकाच्या लेखी संमतीवाचून कोणताही मीटर प्रीपेड करता येणार नाही आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येईल, असा नियम आयोगाने करावा. दुसरी: ज्याने स्वेच्छेने प्रीपेड घेतला, त्यालाही शिल्लक संपल्यावर ५६ व्या कलमाची पंधरा दिवसांची नोटीस मिळाली पाहिजे. तिसरी: त्यानंतरही घर पूर्ण अंधारात लोटता कामा नये. जे यंत्र दूरवरून पुरवठा तोडू शकते ते पुरवठ्याला मर्यादाही घालू शकते. दोन दिवे आणि एक पंखा चालेल एवढी वीज कोणत्याही परिस्थितीत चालू राहावी. चौथी: मीटरच्या कंत्राटांचा संपूर्ण हिशेब आणि त्यांतून गळती खरोखर किती घटली याचे स्वतंत्र लेखापरीक्षण प्रसिद्ध व्हावे, बचत सिद्ध होईपर्यंत त्या खर्चाचा एक पैसाही दरात घालू नये. पाचवी: दरनिश्चितीच्या जाहीर सुनावण्या जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत व्हाव्यात आणि प्रस्तावाचा मराठी सारांश प्रत्येक सेक्शन ऑफिसात लावला जावा.

या मागण्यांसाठी निवेदने पुरणार नाहीत. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ वीजबिलांसाठी राखून ठेवावी. बिल घेऊन येणाऱ्याला ५६ वे कलम वाचून दाखवावे, चुकीच्या बिलावर निषेध नोंदवून रक्कम कशी भरायची ते शिकवावे, तक्रार मंचाचा अर्ज भरून द्यावा, विनानोटीस तुटलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद तारखेसह वहीत ठेवावी. शंभर वस्त्यांतल्या अशा शंभर वह्या आयोगापुढे ठेवल्या गेल्या तर विखुरलेला अंधार पुन्हा सर्वांना दिसू लागेल. १९७२ साली रांगेने जे काम केले, ते आता या वहीला करावे लागेल.

पंधरा दिवस ही फार मोठी गोष्ट नव्हे. राजवाड्यात ते कोणाच्या ध्यानातही येणार नाहीत. ज्या घरात महिन्याची मजुरी आणि महिन्याचे बिल यांची रोज झुंज चालते, त्या घरात मात्र नागरिक असण्याचा अर्थ त्या पंधरा दिवसांत सामावलेला आहे: दिवा विझवण्यापूर्वी कोणीतरी आपल्याला विचारले पाहिजे, आपले म्हणणे ऐकले पाहिजे. हा हक्क संसदेने लिहून दिलेला आहे. भिंतीवरच्या एका पेटीला तो पुसू देणार का, याचा निर्णय मंत्रालयात होण्यापूर्वी वस्तीत झाला पाहिजे.